क्रूझ परवडेल हो काका, ती पॉलिसी नाही परवडणार

डोंबिवलीच्या एका काकांचं पत्र आलंय. वय ६०, प्रायव्हेट कंपनीतून नुकतेच रिटायर, पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून १ कोटी ५ लाख आले, घर स्वतःचं, कर्ज नाही, महिन्याचा खर्च ५५ हजार, ईपीएसची पेन्शन ६ हजार. काकूंना (वय ५७) डॅन्यूब नदीवरची ख्रिसमस मार्केटवाली (वाटेतल्या शहरांतले नाताळचे बाजार बघायचे) क्रूझ करायचीय, जर्मनीतलं पासाऊ ते हंगेरीतलं बुडापेस्ट, सात रात्री, दोघांचे विमानासकट साडेसात लाख. अर्ली बर्ड ऑफर महिनाअखेरीला संपतेय. प्रश्न एवढाच, की एफडी मोडू का टूरवाल्यांचा नो कॉस्ट ईएमआय घेऊ?

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय: "तसं टेन्शन नाही, बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड इन्कमवाला प्लॅन करून दिलाय. वर्षाला ६ लाख, ८ वर्षं भरायचे, दुसऱ्या वर्षापासून दरसाल १ लाख ८० हजार येतील, २० वर्षांनी भरलेले सगळे परत, सगळं टॅक्स फ्री. पॉलिसी तीन आठवड्यांपूर्वी ईमेलवर आली. दर दोन वर्षांनी एक ट्रिप त्यातूनच निघेल."

काका, क्रूझचं नंतर बोलू. ऑफरची शेवटची तारीख तुम्हाला पाठ आहे, पण खरी तारीख दुसरीच आहे. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, त्याला फ्री लुक म्हणतात, ईमेलवर आली तरी हेच. तीन आठवडे गेलेत म्हणजे आठ-नऊ दिवस उरलेत, म्हणून मी तुम्हाला कालच दोन ओळींचा मेल टाकलाय, बाकी सविस्तर इथे, कारण असली पत्रं मला सारखी येतात आणि प्रत्येकात प्लॅन हाच, फक्त नाव वेगळं.

आधी हिशोब. तुम्ही एकूण ४८ लाख भरणार. ६ भरले, ४२ अजून जायचेत, आणि ते कुठून? पगार तर बंद झालाय! म्हणजे एफडीतून काढून हप्ता भरायचा आणि त्यातलेच १ लाख ८० हजार 'इन्कम' म्हणून परत घ्यायचे. २० वर्षांनी, म्हणजे तुमच्या ऐंशीला, ४८ लाख परत, बिनव्याजी. सगळं एक्सेलमध्ये टाकलं तर परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम सध्या ८.२ टक्के देतेय, ३० लाख टाकले तर वर्षाला जवळजवळ अडीच लाख व्याज, दर तीन महिन्यांनी खात्यात, आणि पुढच्या वर्षी कोणी हप्ता मागायला येत नाही. ४८ लाख देऊन १.८ की ३० देऊन अडीच, हे शाळकरी पोरगं पण सांगेल.

आणि टॅक्स फ्री? तेही नाही. १ एप्रिल २०२३ नंतर काढलेल्या अशा पॉलिसींचा (शेअर बाजाराशी जोडलेल्या युलिप सोडून) वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर गेला की नफा करपात्र होतो. तुमचा ६ आहे. मॅडमना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. शिवाय ना तुमच्यावर कर्ज, ना तुमच्या पगारावर कोणी अवलंबून, मग विमा कशासाठी?

आता हे असंच चालू ठेवलं आणि दर दोन वर्षांनी क्रूझही केली तर काय होतं बघा. शिल्लक ९९ लाख, त्यावर ७ टक्के धरू. घरखर्च वर्षाला ६ लाख ६० हजार (त्यातले ७२ हजार पेन्शनमधून) आणि तो दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढणार, हप्त्यातून इन्कम वजा जाता सव्वाचार लाख, ट्रिपचे वर्षाला सरासरी साडेचार (एक ट्रिप ९ लाखांची, ती कशी ते पुढे). सदुसष्टाव्या वर्षी हातात वीस-बावीस लाख उरतात. बाकीचे पॉलिसीत, ऐंशीपर्यंत कुलूपबंद, मधे मोडली तर कापून मिळणार. आणि कंपनीचा मेडिक्लेम रिटायर झाल्यावर संपतो, तुमच्या पत्रात दुसऱ्या मेडिक्लेमचा उल्लेख नाही. तो नसेल तर या महिन्यातच बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

करायचं काय, तर थेट विमा कंपनीला मेल करा, पॉलिसी नंबर घालून, "फ्री लुकमध्ये रद्द करतोय, अटी मान्य नाहीत", बस. शिवाय कंपनीच्या शाखेत जाऊन अर्ज द्या आणि शिक्क्यासकट पोच घ्या. बँकेत मॅडमना भेटून नाही, त्या म्हणतील सर एक वर्ष तरी चालू द्या, आणि तोपर्यंत ३० दिवस उलटतील (आणि त्यांची बदलीही झालेली असेल). स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकीचे परत येतात. टाळाटाळ केली तर विमा नियामक आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार, तिथेही नाही झालं तर विमा लोकपाल.

हां, आता क्रूझ. एकदा जा, बिनधास्त जा. पण साडेसातात होणार नाही. शेंगेन व्हिसाचेच (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच) माणशी ९० युरो, वर सर्व्हिस चार्ज, बोटीवरच्या टिप्स, जादा सहली, गरम कपडे, आणि युरो शंभरीच्या पुढे गेलाय, तेव्हा ९ लाख धरा. टीसीएस (परदेशी टूरवर आधीच घेतला जाणारा कर) कापतील, तो खर्चात धरू नका, रिटर्नमध्ये वळता होतो. ईएमआय नको, नो कॉस्टमध्ये कॅश डिस्काउंट जातो आणि प्रोसेसिंग फी लागते. एफडीच मोडा. पॉलिसीचे ६ परत आले की ९६ लाख उरतात, व्याज आणि पेन्शन मिळून साडेसात लाखांच्या आसपास, घर चालेल. दर दोन वर्षांनी मात्र विसरा, पाच-सहा वर्षांनी परत बघू.

एक गोष्ट बघून घ्या, तुम्ही पाठवलेल्या ब्रोशरवर निघायची तारीख २७ डिसेंबर आहे. जर्मनीतले बहुतेक ख्रिसमस बाजार २३-२४ लाच उठतात, व्हिएन्नाचा राटहाउससमोरचा (तिथल्या नगरपालिकेसमोरचा) २६ ला. म्हणजे ख्रिसमस मार्केटचे पैसे भरून पासाऊत उतरणार आणि चौकात स्टॉल उतरवायचं काम चालू! डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा मागा. तेव्हाही चारच्या सुमारास अंधार पडतो आणि बोट बरीचशी रात्रीच चालते, तेव्हा नदीकाठचे देखावे फार दिसतील अशी आशा नको. नदीचं पाणी फार चढलं किंवा उतरलं तर काही टप्पे बसने नेतात, तो क्लॉज बारीक अक्षरात असतो, वाचा.

गुडघे बरे असतील तर क्रूझ सोडून व्हिएन्नात पाच रात्री आणि बुडापेस्टला तीन असंही होतं, मधला रेल्वेप्रवास पावणेतीन तासांचा, स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावा तर व्हिएन्नाहून तासाभरावर, आणि या बाजारांना तिकीट नसतं. माझ्या अंदाजाने पाच-साडेपाच लाखांत सगळं बसेल. बोटीचा फायदा एकच, बॅग एकदाच उघडायची, आणि काकूंना तेच हवं असेल तर बोटच घ्या.

फक्त ॲडव्हान्स आत्ता भरू नका. पॉलिसीचे पैसे खात्यात जमा झाले की मग भरा, तोवर अर्ली बर्ड गेली तर जाऊ दे, पुढची येतेच.