डॉक्टर 'अँग्झायटी' (चिंता) म्हणतात, पण मला प्रीडायबेटिसची (मधुमेहाच्या आधीची पायरी) भीती वाटते. अशा वेळी काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ३६ आहे, काम दिवसभर बसून करण्याचे आहे, व्यायाम नाही, वडिलांना मधुमेह आहे आणि कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर भरतो. तीन महिन्यांपासून घशाला कोरड पडते, छातीत धडधडते, बोटांना मुंग्या येतात आणि रात्री दोन-तीनदा लघवीसाठी उठावे लागते. लॅबमध्ये उपाशीपोटीची साखर ९७ आली, घरच्या ग्लुकोमीटरवर एकदा १०४ दिसली. डॉक्टरांनी 'ही अँग्झायटी आहे' असे सांगून गोळ्या लिहून दिल्या. तुमचे समाधान झाले नाही आणि तुम्ही आठवड्यापूर्वी भात-पोळी बंद केली. मी डॉक्टर नाही, सांगलीत एका संस्थेच्या हिशेब विभागात काम करणारी ४४ वर्षांची बाई आहे. परंतु दोन वर्षांपूर्वी जवळजवळ हाच कागद हातात घेऊन मी दवाखान्याबाहेर उभी होते, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करते.

माझ्या मते तुमच्या मनात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ही लक्षणे कशामुळे होतात हा एक, आणि मला प्रीडायबेटिस आहे का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'चिंता' असले म्हणून दुसऱ्याचे उत्तर 'नाही' ठरत नाही. दुसऱ्याचे उत्तर 'हो' निघाले, तरी त्यामुळे ही लक्षणे साखरेची ठरत नाहीत. डॉक्टरांनी बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि तुम्ही ते दुसऱ्याचे समजून घेऊन आलात.

प्रीडायबेटिस ही अवस्था सहसा मुकी असते. मधुमेहात वारंवार लघवी का होते हे कळले की हे पटते. मूत्रपिंडे रक्तातून गाळलेली साखर परत शोषून घेतात आणि साधारणपणे रक्तातील साखर १८० मिलिग्रॅमच्या आसपास जाईपर्यंत त्यांना ते जमते. त्यापुढे साखर लघवीत उतरते, ती आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वाढते आणि मग तहान लागते. उपाशीपोटी १०० ते ११० साखर असलेल्या माणसाच्या बाबतीत ही साखळी सहसा सुरूच होत नाही. म्हणजे तुमची तहान आणि रात्रीचे उठणे ९७ किंवा १०४ या आकड्यांच्या खाती टाकता येत नाही.

चिंतेच्या खाती मात्र ते सहज टाकता येते. घाबरलेल्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते. त्याने हृदय जोरात चालते, हात थरथरतात, तोंड कोरडे पडते. कोरड पडली की आपण पाणी पितो, आणि ज्याला मधुमेहाची धास्ती आहे तो जरा जास्तच पितो. मग रात्री उठावे लागते आणि ते उठणेच पुन्हा मधुमेहाचा पुरावा वाटू लागते. मुंग्यांचेही तसेच आहे. भीतीत श्वास नकळत भराभर होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांच्या टोकांना व ओठांभोवती मुंग्या येतात. मधुमेहामुळे नसा बिघडतात तेव्हा मुंग्या बहुतेक वेळा तळपायांपासून सुरू होतात आणि भीती ओसरली म्हणून ओसरत नाहीत.

इथपर्यंत मी तुमच्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. यापुढे नाही, कारण तुम्ही दिलेली माहितीच पुरेशी बोलकी आहे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २००५ मध्ये भारतीयांसाठी जोखीम मोजण्याची एक साधी गुणपद्धत प्रसिद्ध केली. तीत ३५ ते ४९ या वयाला २० गुण आहेत, पुरुषाच्या ९० ते ९९ सेंटिमीटर कमरेला १०, बैठे काम आणि व्यायाम नसण्याला ३०, आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असण्याला १०. तुमची बेरीज ७० होते आणि ६० किंवा त्यापुढची जोखीम मोठी मानतात. तेव्हा तुमची तपासणी पूर्ण व्हायलाच हवी. मात्र ती धडधडीमुळे नव्हे, या बेरजेमुळे. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १५.३ टक्के प्रौढांना प्रीडायबेटिस आढळला होता, म्हणजे तुमची शंका वेडगळ मुळीच नाही.

'तुम्ही काही जाड नाही' असे कोणी म्हणाले, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण सांगा. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. दोघांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. आपल्याकडची अंगकाठी फसवी असते, म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेच्या टेपवर अधिक विश्वास ठेवावा.

आता माझी हकिगत. वडिलांच्या पायाचे बोट मधुमेहाने काढावे लागले, त्यानंतर महिनाभरात मला धडधड, थकवा आणि जिना चढताना धाप सुरू झाली. डॉक्टर दोन मिनिटांत म्हणाले, "ताई, टेन्शन घेताय, दुसरं काही नाही." मी रागाने परस्पर लॅबमध्ये जाऊन एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करून घेतली; ती ५.९ टक्के आली. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, एवढे मला तोवर पाठ झाले होते. त्या रात्री मी झोपले नाही आणि खरे सांगायचे तर भीतीबरोबर 'बघा, मीच बरोबर होते' असे एक विचित्र समाधानही वाटत होते. पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी एचबीए१सीच्या आधी हिमोग्लोबिनचा आकडा विचारला. तो कोणी पाहिलाच नव्हता, तपासल्यावर ९.८ निघाला. लोहाच्या कमतरतेने तांबड्या पेशी रक्तात जास्त काळ राहतात, त्यांना साखर अधिक चिकटते आणि एचबीए१सी खऱ्यापेक्षा वाढलेली दिसू शकते. लोहाच्या गोळ्या चार महिने घेतल्यावर हिमोग्लोबिन १२ वर गेले आणि एचबीए१सी ५.५ आली. धाप आणि थकवा पंडुरोगाचा होता. रात्री तीन वाजता दचकून जागे होणे मात्र हिमोग्लोबिन सुधारल्यावरही राहिले. ती चिंताच होती आणि तिच्यावर वेगळे उपचार घ्यावे लागले. म्हणजे पहिले डॉक्टर चुकले नव्हते, त्यांनी तपासणी अर्धवट सोडली होती. मीही अर्ध्या माहितीवरच भांडत होते.

ग्लुकोमीटरबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण मला सर्वांत जास्त त्रास त्यानेच दिला. मी दिवसाला आठ-आठ वेळा बोट टोचत असे आणि चहानंतर, आंघोळीनंतर, शेजारणीशी वाद झाल्यावर, अशा नोंदींची एक वहीच केली होती. या यंत्रांचे आंतरराष्ट्रीय मानक असे आहे की १०० च्या खालचे आकडे १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे आणि १०० च्या वरचे १५ टक्के इकडेतिकडे असले तरी चालतात. म्हणजे तुमच्या १०४ मागे खरी साखर नव्वदीतही असू शकते आणि ११५ च्या पुढेही. ज्यांना मधुमेह आहे आणि औषधांचे प्रमाण ठरवायचे आहे, त्यांना हे पुरते. ९७ आणि १०४ मधला फरक ठरवायला ते बनवलेलेच नाही. एकदा मला जेवणाआधी १६८ दिसले आणि पायांतले बळ गेले. पाच मिनिटांनी आठवले की मी नुकताच आंबा चिरला होता. साबणाने हात धुऊन पुन्हा पाहिले, तर १०९. यंत्र ठेवायचेच असेल, तर थरथर आणि घाम सुटतो नेमक्या त्या क्षणी एक-दोनदा मोजा. आकडा ७० च्या खाली नसेल, तर ती थरथर साखर उतरल्याची नाही हे कळेल. मग यंत्र कपाटात ठेवा. मी माझे नणंदेला देऊन टाकले.

१०४ बद्दल आणखी एक गोष्ट. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन उपाशीपोटीच्या १०० ते १२५ ला प्रीडायबेटिस म्हणते, तर जागतिक आरोग्य संघटनेची रेषा ११० पासून सुरू होते. म्हणजे लॅबमध्ये १०४ आली असती, तरी एका नियमाने तुम्ही त्या गटात असता आणि दुसऱ्या नियमाने नसता. तुमच्या शरीरात मात्र तसूभरही फरक नसता. १२६ ही मधुमेहाची रेषा दोघांची एकच आहे, आणि तीही ठळक लक्षणे नसताना दुसऱ्या तपासणीने पक्की करावी लागते.

डॉक्टर बदलण्यापूर्वी त्यांच्याकडेच पुन्हा जा आणि शांतपणे म्हणा, "डॉक्टर, मला चिंता आहे हे मला मान्य आहे, पण वडिलांना मधुमेह आहे आणि कंबर ९४ आहे, तर एकदा एचबीए१सी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेऊ का?" 'तुम्ही मला वेड्यात काढता' असे म्हटल्यापेक्षा याला उत्तर लवकर मिळते, मी दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत. थायरॉइड वाढले तर धडधड होते, आणि बी-१२ कमी झाले तर मुंग्या येतात. शाकाहारी असाल तर ते अवश्य पाहा. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा वारसा घरात असेल तर तेही सांगा, कारण तेव्हा एचबीए१सी फसवू शकते आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी अधिक भरवशाची ठरते. तीत १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबेटिस. प्रयत्न न करता वजन उतरू लागले, नजर धूसर झाली, जखम भरेनाशी झाली किंवा चालताना छातीत दुखू लागले, तर मात्र कोणाच्याही 'टेन्शन'वर विसंबून थांबू नका.

अहवालात प्रीडायबेटिस निघालाच, तर तो शिक्का नव्हे. भारतात अशाच लोकांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षांत नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, तर आहार आणि चालणे सांभाळणाऱ्यांत ३९ टक्क्यांना. हा फरक रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्यासारख्या गोष्टींनी पडला, आणि ते चालणे चिंतेलाही उपयोगी पडते. दिलेल्या गोळ्या अहवाल येईपर्यंत मनाने बंद करू नका.

राहता राहिला भात. तो आजच पुन्हा सुरू करा. पिष्टमय पदार्थ काही दिवस बंद ठेवून ग्लुकोजची तपासणी केली, तर दोन तासांचा आकडा नसता वाढलेला येऊ शकतो. म्हणून तपासणीपूर्वी किमान तीन दिवस नेहमीसारखे जेवायचे असते. आदल्या रात्री जेवून आठ ते दहा तास काही न खाता सकाळी जा. साधे पाणी चालते, चहा नाही, आणि शेवटच्या क्षणी बस गाठायला धावत सुटू नका, जरा लवकरच निघा.