सव्वा महिना संपल्यावर

"मॅडम, बाळाकडे बघून मला काहीच वाटत नाही. मी वाईट आई आहे का?"

हा प्रश्न मला वर्षभरात कितीतरी जणी विचारतात, बहुतेक जणी दार लावून घेतल्यावर. ही आली तेव्हा तिची मुलगी सात आठवड्यांची होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) माहेर लातूरकडे, घर चिंचवडला. सव्वा महिना आईने शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू असं सगळं केलं. मग वडिलांचं आजारपण निघालं आणि आईला पाय काढता येईना. ही बाळाला घेऊन फ्लॅटवर परतली. नवरा कंपनीत तीन पाळ्यांत काम करणारा.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं, चिडचिड होते, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. हिचं ओसरलं नव्हतं, उलट वाढलं होतं. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. मी तिच्याकडून एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली, बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा अंदाज घेणारी. गेल्या सात दिवसांबद्दलचे दहाच प्रश्न असतात. त्यातून निदान होत नाही, पण तज्ज्ञांकडे पाठवायचं की नाही ते कळतं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो मी नेहमी तोंडीही विचारते. तिचं उत्तर "कधीच नाही" होतं. ते "हो" असतं, तर तिला एकटीला घरी जाऊ दिलं नसतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

बाकी गुण मात्र काळजी वाटावी इतके जास्त होते. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, कारण त्या दोन्हींमुळेही असाच थकवा येतो. "अंगावर पाजते, गोळ्या कशा घेऊ?" ही तिची भीती रास्त होती. पाजत असताना चालतील अशी औषधं असतात आणि ती डॉक्टरच निवडून देतात, हे कळल्यावर ती तयार झाली.

पण गोळी भांडी घासत नाही. म्हणून नवऱ्यालाही बसवलं आणि कागदावर चोवीस तास मांडले. तिची सलग झोप सगळ्यात जास्त दीड तास. हे बघून तो गप्प झाला. मग म्हणाला, ड्युटी संपल्यावर तो रोज दहा मिनिटं पार्किंगमध्येच बसून राहतो, वर यायचा धीर होत नाही. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. बापांनाही या काळात नैराश्य येतं, म्हणून पुढची एक भेट मी फक्त त्याच्यासाठी ठेवली.

मग विचारलं, "काही लागलं तर सांगा, असं कोण कोण म्हणालं?" मोजले तर अकरा जण. एकालाही काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? थकलेल्या बाईने आधी काम शोधायचं, मग माणूस शोधायचा, मग संकोच गिळायचा. मला त्या वाक्याचा मनापासून राग येतो. मदत वार आणि वेळ ठरवून मागावी, तशीच द्यावी.

समोरच्या काकूंना विचारलं, रोज अकरा ते साडेबारा बाळ सांभाळाल का? मला वाटलं होतं, फार तर दोन दिवस म्हणतील. त्या म्हणाल्या, "अगं, आधीच नाही का सांगायचं!" खालच्या मजल्यावरून मंगळवारी आणि शुक्रवारी डबा. नवरा घरी असेल त्या रात्री एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधाचं, म्हणजे तिला सलग चार तास मिळतील. आणि बाळ बघायला येणाऱ्यांनी अर्ध्या तासात निघायचं, हे सांगण्याची जबाबदारी नवऱ्याची.

आपली जुनी रीत मला मोलाची वाटते. त्या दिवसांत बाळंतिणीला कुणीतरी जेवायला वाढतं, न्हाऊमाखू घालतं. पण सव्वा महिना झाला की सगळं एकदम थांबतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, आज आशाताई देशभर तसं काम करतात. त्यांची त्या टप्प्यातली शेवटची भेटही 42व्या दिवशी असते. नैराश्य मात्र पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या असतात.

सहा आठवड्यांनी तिने सांगितलं, "काल ती हसली आणि मलाही हसू आलं." औषधं अजून चालू आहेत, ती मनाने बंद करायची नाहीत.

गेल्या आठवड्यात काकू लेकीकडे नागपूरला गेल्या, दोन महिन्यांसाठी. तिचा फोन आला, आवाज जरा घाबरलेला. आम्ही पुन्हा तोच कागद पुढे घेतला. नवऱ्याने पाळी बदलून मागितली आहे, आई आठ दिवस येते म्हणाली आहे. त्यानंतरच्या अकरा ते साडेबाराला कोण, ते अजून ठरायचं आहे.