जुन्या सोव्हिएत पोस्टकार्डावरची लाल विटांची इमारत कोणती? कार्ड साधारण कधीचं असेल?

आजोबांच्या ट्रंकेतल्या कार्डावर टोकदार मनोऱ्यांची लाल इमारत आहे, डावीकडे बुरूज, उजवीकडे मोकळा रस्ता, आणि घरचे तिला क्रेमलिन म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. क्रेमलिन, म्हणजे मॉस्कोचा तटबंदीचा किल्ला, नव्हे. डावीकडचा निकोल्स्काया बुरूज तेवढा क्रेमलिनचा. मधली इमारत मॉस्कोच्या लाल चौकातलं राज्य ऐतिहासिक संग्रहालय.

घोळ होणं साहजिक आहे. इमारत १८७५ ते १८८१ या काळात उभी राहिली, पण वास्तुकार व्लादिमीर शेरवुडने (घराणं मूळचं इंग्लिश!) मुद्दाम तीनशे वर्षांपूर्वीचा रशियन थाट धरला, शेजारच्या क्रेमलिनशी आणि समोरच्या सेंट बेसिल चर्चशी जुळावा म्हणून. १८८३ मध्ये झार तिसऱ्या अलेक्झांडरच्या राज्याभिषेकाच्या सुमारास संग्रहालय लोकांसाठी उघडलं.

आता काळ. भिंग घेऊन दोन मोठ्या मनोऱ्यांचे शेंडे बघा. तिथे झारचे दोन डोक्यांचे गरुड होते. १९३५ मध्ये सरकारी हुकूम निघाला: ७ नोव्हेंबरच्या आत क्रेमलिनच्या बुरुजांवरचे चार आणि या इमारतीवरचे दोन गरुड उतरवा. क्रेमलिनच्या त्या चार बुरुजांवर तारे चढवायचं त्याच हुकुमात ठरलं; संग्रहालयाच्या वाट्याला तारा नाही. आज गरुड पुन्हा जागेवर आहेत, पण ते सोव्हिएत संघ संपल्यानंतरचे.

उजवीकडचा मोकळा रस्ता हा त्याहून सोपा पुरावा. तिथे दुहेरी कमानीचा पुनरुत्थान दरवाजा होता. संचलनातल्या अवजड लष्करी गाड्यांना अडचण नको म्हणून तो १९३१ मध्ये पाडला आणि १९९० च्या दशकात पुन्हा बांधला. म्हणजे फोटो १९३१ नंतरचा. शेंडे मोकळे असतील, तर १९३५ नंतरचा. कार्ड रंगीत छपाईचं असेल, तर माझा कल दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांकडे.

कार्डावर जे दिसत नाही ते मला जास्त खटकतं. प्रवेशदालनाच्या छतावर रशियाच्या राज्यकर्त्यांचा भलाथोरला वंशवृक्ष रंगवलेला होता. १९३० च्या दशकात त्यावर सरळ रंगाचा हात फिरवला. बाहेरची नक्षी मात्र शाबूत, त्यामुळे कार्डं सुंदरच निघायची. १९८६ मध्ये संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद झालं, १९९७ पासून दालनं टप्प्याटप्प्याने उघडली आणि तो वृक्षही पुन्हा दिसू लागला.

नेमकं साल हवं असेल तर कार्ड उलटा. सोव्हिएत कार्डांच्या मागे बारीक अक्षरांत प्रकाशन, छापलेल्या प्रतींची संख्या, कोपेकमधली (रूबलचा शंभरावा भाग) किंमत आणि बहुतेकदा सालही असतं. तो मजकूर नीट उजेडात फोटो काढून इथे टाका, वाचून सांगतो. कार्ड विकून मोठी किंमत येईल अशी आशा मात्र ठेवू नका. लाल चौकाची कार्डं ढिगाने छापली जायची.