हवामान धोक्याची माहिती कोकणातल्या किनाऱ्यावरच्या लोकांना उपयोगी कशी पडेल?

माहिती कमी नाहीये हो, ती ज्या भाषेत येते तिथे घोळ आहे. "वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किमी" असं निसर्ग वादळाच्या वेळी, ३ जून २०२० ला, सगळीकडे सांगत होते, पण श्रीवर्धन-दिवेआगरच्या माणसाला त्यातून पत्रे राहतील की उडतील, सुपारीची वाडी टिकेल का, हे कळायला पाहिजे ना. नंतर लाईट, नेटवर्क सगळंच गेलं, मग ॲपचा काय उपयोग? म्हणून भोंगा, रिक्षावरचा स्पीकर, मच्छीमार सोसायटीचा फळा हे पण हवंच.

हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था, लाटांचे अलर्ट देतं, चांगले असतात. फक्त ते "उद्या अमावस्येचं उधाण, वर वारा, दुपारच्या भरतीला खाडीचं पाणी अमुक आळीपर्यंत येईल, होड्या वर ओढा" असं आलं तर कोळी माणूस लगेच हलेल, कारण त्याचा हिशोब तिथीवरच चालतो.

आणि पुढच्या ३० वर्षांत समुद्र किती वाढेल याचे नकाशे ग्रामसभेत लावा, नुसते वेबसाइटवर नकोत. घर कुठे बांधायचं, खारभूमीचा (भरतीचं खारं पाणी अडवून शेतीखाली आणलेल्या जमिनीचा) बंधारा किती उंच हवा, यावर तिथे बोलता येईल.