त्रिनिदादमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला मॅच बघायला चाललोय, तिथल्या साध्या, स्वस्त चायनीज हॉटेलात जेवावं का? काय मागवावं?

जरूर जेवा. तुम्ही लिहिलंय की क्वीन्स पार्क ओव्हल या क्रिकेटच्या मैदानाजवळ राहणार आहात, रोज मोठ्या हॉटेलात जेवणं परवडणारं नाही आणि मिसेस शाकाहारी आहेत. नोकरीमुळे मी काही वर्षं तिथेच होतो. ओव्हलवरून पश्चिमेला गेलं की सेंट जेम्स लागतं. तिथल्या एका कोपऱ्यावरच्या चायनीजमधून माझं रात्रीचं जेवण कित्येकदा यायचं, त्यामुळे हे अनुभवावरून सांगतोय.

आपल्याकडचं चायनीज डोक्यात ठेवून मात्र जाऊ नका. मंचुरियन, शेजवान, ट्रिपल राइस हा सगळा आपल्या भारतातला मामला. मंचुरियन तर मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी 1975 च्या सुमारास पहिल्यांदा केलं, असं सांगतात. त्रिनिदादचं चायनीज वेगळ्या वाटेने आलं. 1806 साली ‘फॉर्टिट्यूड’ नावाच्या जहाजातून पहिले चिनी लोक पोर्ट ऑफ स्पेनला उतरले. त्यातले बहुतेक परत गेले. पुढे 1853 ते 1866 या काळात ऊसमळ्यांवर करारावर आणखी चिनी मजूर आणले गेले, तेही मुख्यतः दक्षिण चीनमधून. आपल्याकडचे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, तर 1845 पासूनच तिथे येत होते. करार संपल्यावर चिनी माणसांनी गावोगाव किराण्याची दुकानं टाकली, आणि त्यांचं खाणं हळूहळू सगळ्या बेटाचं झालं. आज तिथला आफ्रिकन वंशाचा, भारतीय वंशाचा, कुठलाही माणूस शुक्रवारी संध्याकाळी चायनीज घेऊन घरी जाताना दिसेल. त्यांच्या दृष्टीने ते घरचंच जेवण आहे. म्हणून मला वाटतं, त्रिनिदादला जाऊन ते न खाता परत येणं म्हणजे तिथलं निम्मं खाणं न चाखताच परतणं.

तुम्ही क्रिकेटसाठी चाललाय म्हणून एक सांगतो. एलिस अचाँग हे डावखुरे फिरकी गोलंदाज त्रिनिदादचेच. 1930 मध्ये ते वेस्ट इंडीजकडून खेळले आणि कसोटी खेळणारे चिनी वंशाचे पहिले खेळाडू ठरले. आपल्या गावसकरांनी 1971 मध्ये पहिली कसोटी खेळली तीही याच शहरात, तुम्ही ज्या मैदानावर बसणार आहात तिथेच.

आता मागवायचं काय? फ्राइड चिकन आणि त्यासोबत अर्धा फ्राइड राइस, अर्धं चाऊमीन. कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात हेच दिवसभर तळलं आणि परतलं जातं, त्यामुळे हेच सगळ्यात ताजं मिळतं. चिकनला आपल्या लॉलीपॉपसारखं पिठाचं जाड आवरण नसतं. सोया सॉस, आलं, लसूण आणि पंचमसाला लावून मुरवलेली कोंबडी तशीच तेलात सोडतात, त्यामुळे कातडी पातळ आणि कुरकुरीत होते आणि बडीशेप-चक्रीफुलाचा वास येतो. ऑर्डर दिली की आतला माणूस अर्धी कोंबडी लाकडी ठोकळ्यावर ठेवतो आणि रुंद पात्याच्या सुऱ्याने हाडासकट खटाखट तुकडे पाडतो. खाताना हाडाच्या बारीक कपच्यांकडे लक्ष ठेवा. भात गडद सोया सॉसमुळे तपकिरी असतो, आपल्याइतका मसालेदार नसतो. चाऊमीनमध्ये कोबी-गाजराबरोबर बरेचदा चवळीच्या लांब शेंगा असतात, तिथे त्यांना बोडी म्हणतात. मला भातापेक्षा चाऊमीनच जास्त आवडायचं.

डबा बंद करण्याआधी हमखास विचारतात, ‘पेपर?’ हो म्हणा. हा त्यांचा मिरचीचा सॉस. स्कॉच बॉनेट नावाची गोल, बुटकी मिरची, लसूण, व्हिनेगर, मोहरी, आणि शॅडो बेनी नावाची लांब, दातेरी कडांची पानं, ज्यांना आपल्या कोथिंबिरीसारखा पण बराच उग्र वास असतो. हा सॉस नसेल तर ते चिकन अपुरं लागतं. मात्र आपल्या ठेच्याची सवय आहे म्हणून भसकन ओतून घेऊ नका. ही मिरची जिभेवर थोडी उशिरा चढते आणि चढली की उतरत नाही. ‘स्लाइट’ म्हटलं की ते थोडाच घालतात.

दुकान कसं ओळखायचं? पाटीकडे किंवा फोटोंकडे बघू नका, रांग बघा. जेवणाच्या वेळी शाळेच्या गणवेशातली मुलं, टॅक्सीवाले, ऑफिसातून सुटलेल्या बायका उभ्या असतील तर बिनधास्त आत जा. दुपारी तीन-चारच्या सुमारास टाळा, तेव्हा सकाळचा भात ट्रेमध्ये सुकत पडलेला असू शकतो. काउंटरवर बऱ्याच ठिकाणी लोखंडी जाळी असते, तिच्या फटीतून पैसे द्यायचे आणि डबा घ्यायचा. ते बघून बिचकू नका, तिथल्या बऱ्याच छोट्या दुकानांना अशी जाळी असते. आत बोलणं तुटक वाटेल, कारण ही दुकानं चालवणारे बरेच जण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चीनमधून आलेले आहेत आणि कामापुरतंच इंग्रजी बोलतात. मेन्यूवरच्या फोटोकडे किंवा नंबराकडे बोट दाखवलं की काम होतं. मोठा डबा घेतलात तर दोघांना पुरतो.

कोळंबी आणि डॅशीन पोर्क मात्र अशा दुकानात मागवू नका. डॅशीन पोर्क म्हणजे अळूच्या कंदाबरोबर वाफवलेलं चरबीदार डुकराचं मांस, मूळ दक्षिण चीनमधल्या हाक्का लोकांचं, आणि नीट केलेलं असेल तर फार सुंदर लागतं. पण त्याला वेळ आणि हात दोन्ही लागतात. एक संध्याकाळ जरा जास्त खर्चायची तयारी असेल तर बसून जेवायच्या चांगल्या चायनीज रेस्टॉरंटमध्ये ते खा. तिथे बिलात 12.5 टक्के व्हॅट आणि वर सर्व्हिस चार्ज लागू शकतो, ते धरून चाला.

मिसेसबद्दल स्पष्ट सांगतो. ‘व्हेजिटेबल चाऊमीन’ म्हणजे शाकाहारी असं गृहीत धरू नका. त्यात बरेचदा ऑयस्टर सॉस असतो, म्हणजे कालवांचा अर्क, आणि कढईही तीच. भातात अंडं असू शकतं. ‘नो मीट, नो एग, नो ऑयस्टर सॉस’ असं एकेक करून सांगावं लागेल, आणि कढईची अडचण असेल तर तिथे न खाल्लेलंच बरं. त्यांच्यासाठी सेंट जेम्समध्येच वेस्टर्न मेन रोडवर संध्याकाळी डबल्सच्या गाड्या लागतात. हळद घातलेले दोन मऊ तळलेले बारे, म्हणजे छोट्या पुऱ्यांसारखे, मध्ये रस्सेदार छोले आणि वरून चिंचेची चटणी. शिवाय रोटीच्या दुकानात दालपुरीबरोबर बटाटा-चण्याची भाजी किंवा भोपळा मिळतो. तुम्ही तुमचा डबा घ्या, त्यांच्यासाठी डबल्स घ्या आणि खोलीवर जाऊन एकत्र जेवा. दोन्ही गरम असतानाच खायचं, म्हणून आधी चायनीजची ऑर्डर देऊन ठेवा आणि डबा तयार होईपर्यंत डबल्स घेऊन या.