सायकलची कटकट : क्रँकचा आवाज आणि टिकाऊ पायडल

या वेळी पिशवीतली निम्मी पत्रं सायकलची निघाली, आणि त्यातली बहुतेक एकाच दुखण्याची, पायाखालून आवाज येतो आणि पायडल टिकत नाहीत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच. क्रँक म्हणजे पायडल जिला लागतं ती दांडी, एवढं आधी सांगून ठेवतो.

प्रश्न : काका, माझी गिअरची हायब्रिड सायकल आहे, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, ३ वर्षं झाली. दोन महिन्यांपासून उजवा पाय खाली दाबला की कट् असा आवाज येलालाय. सपाटीला कमी, तुळजापूरच्या घाटात तर विचारूच नका, ग्रुपमधली पोरं माझ्या मागं राहायलाच तयार नाहीत. दुकानदारानं बीबी (दोन्ही क्रँकच्या मधला, फ्रेममध्ये बसणारा बेअरिंगचा भाग) गेलाय म्हणून बाराशे रुपये घेऊन नवीन टाकला, आवाज ४ दिवस गेला आणि परत आला. आता म्हणतो अख्खा क्रँकसेट बदला. बदलू का? (विजापूर रोड)

उत्तर : थांबा, पाकीट आत ठेवा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे "आवाज ४ दिवस गेला". बीबी बदलायचा म्हणजे क्रँक काढावाच लागतो, मग तो पुसला गेला, परत बसवला, बोल्ट नव्यानं आवळला, कदाचित पायडलही काढून लावले असतील, म्हणजे आवाज बीबीमुळं गेला का या बाकीच्या हातफिरवणीमुळं गेला हे कोणी बघितलंच नाही. नवीन बीबी ४ दिवसात जात नाही हो. माझा संशय जोडावर आहे, बेअरिंगवर नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचं एक लक्षात ठेवा, ती पोकळ नळी आहे, ढोलकीसारखी. सीटपोस्टमध्ये कुरकुर झाली तरी कानाला वाटतं बीबीतनंच आलं. मी एकदा स्वतःच्या सायकलचा बीबी दोनदा उघडला आणि शेवटी निघाला काय, तर मागच्या चाकाचा क्विक रिलीज, म्हणजे चाक पान्याशिवाय आवळायची कळ, सैल होता. तेव्हापासून आधी चालवून बघतो, पाना नंतर.

चालवताना काय बघायचं तर पायडल मारणं थांबवून सायकल नुसती पळू द्या, तरी आवाज येत असेल तर तो चाकाचा नाहीतर फ्रीव्हीलचा (मागच्या दातेरी चक्राचा), क्रँकला दोष देऊ नका. मग सीटवरनं उठून पायडल मारा, उठल्यावर आवाज गायब झाला तर सीट नाहीतर सीटपोस्ट. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच आणि ठरलेल्या जागी कट् होत असेल तर पायडल, क्रँकचा बोल्ट, चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्ट या तिघांपैकी एक, असं धरून चाला. एखादवेळी गिअरच्या केबलचं सुटलेलं टोक क्रँकला घासतं नाहीतर बुटाची लेस आपटते, हसू नका, दोन्ही बघितलेलं आहे.

आता काम सुरू करायचं ते फुकटातल्या गोष्टीपासून, म्हणजे पायडलपासून. दोन्ही पायडल काढा. पंधराचा पाना लागतो, काही पायडलला क्रँकच्या आतल्या बाजूनं ६ नाहीतर ८ ची अ‍ॅलन की. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं आणि ऐनवेळी सगळे विसरतात, म्हणून सोपी खूण सांगतो, पाना पायडलच्या एक्सलला लावून त्याचा दांडा वर करा आणि मागच्या चाकाकडं ओढा, सुटेल. पुढच्या चाकाकडं ओढला की आवळेल. दोन्ही बाजूंना हेच, उजवं-डावं डोक्यात ठेवायची गरज नाही.

आटे चिंधीनं स्वच्छ पुसा, काळी घाण निघेल, आपल्याकडची काळ्या मातीची धूळ तिथं बरोबर जाऊन बसते आणि दाब पडला की दळण दळल्यासारखी वाजते. मग आट्यांना ग्रीस लावून पायडल आधी हातानं फिरवत बसवा, हातानं ४-५ फेरे गेले तरच पाना लावा. किती आवळायचं तर ३५ न्यूटन मीटर, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला १६-१७ किलोचा जोर. जीव खाऊन नाही आणि पाहुण्यासारखंही नाही. एवढं करून चक्कर मारून या, तुमच्यासारख्या निम्म्या केसेस माझ्याकडं इथंच संपतात. तरीही आवाज आलाच तर मित्राचे पायडल लावून एकदा फिरून बघा, मित्राच्या पायडलनी आवाज बंद झाला तर दोष तुमच्या पायडलच्या आतल्या बेअरिंगचा.

त्यानं नाही गेला तर क्रँकचा बोल्ट. तुमच्या सायकलला चौकोनी एक्सल असेल तर ८ ची अ‍ॅलन की घ्या आणि बोल्ट ३५ ते ४५ न्यूटन मीटरपर्यंत आवळा. एक मात्र खरं, क्रँक सैल असताना तुम्ही दोन महिने दामटली असेल तर पोलादी एक्सलनं अ‍ॅल्युमिनियमचं भोक खाल्लेलं असू शकतं, चौकोनाचे कोपरे गोल होतात, मग कितीही आवळा, ५० किलोमीटरनंतर परत ढिला. तसं झालं असेल तर तेवढा एक क्रँक बदलायचा, अख्खा सेट नव्हे. हे बहुतेक डाव्या बाजूला होतं, तुमचं उजवीकडं आहे म्हणून मला चेनरिंगच्या बोल्टवर जास्त शंका येते. ते ४-५ छोटे बोल्ट एक एक काढा, पुसा, ग्रीस लावा, परत आवळा. काही स्वस्त क्रँकसेटला तिथं बोल्टच नसतात, रिव्हेट असतात, रिव्हेट हलत असेल तरच दुकानदार म्हणतो ते खरं, मग बदला.

पोकळ एक्सलचा नवीन प्रकारचा क्रँक असेल तर हिशोब वेगळा. डाव्या क्रँकला दोन बोल्ट असतात, ते आलटून पालटून थोडे थोडे करत १२ ते १४ न्यूटन मीटरला आवळायचे, एकच पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं की क्रँक तिरका धरतो. त्याच्या बाहेरची प्लास्टिकची टोपी फक्त खेळ, म्हणजे सैलपणा, काढायला असते, ती बोटांच्या जोरानंच.

हे सगळं करूनही कट् राहिलाच तर बीबी काढून त्याच्या आट्यांना ग्रीस लावलंय का बघा, पुष्कळ दुकानात कोरडाच ठोकून देतात. चेनकडच्या बाजूचे आटे उलटे असतात, तिथं सवयीनं उलटा जोर लावून फ्रेम खराब करून घेऊ नका. आणि फ्रेमला वेल्डिंगच्या जागी केसाएवढी चीर दिसली तर सायकल त्या दिवसापासून बंद, घाटात तर अजिबात नको.

प्रश्न : माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर आहेत, जुनी काळी सायकल, रोज जाऊन येऊन १२ किलोमीटर. दर ५-६ महिन्याला पायडल जातं, एकदा रबर निघतं, एकदा एक्सल वाकतो. शिवाय पायडल मारताना डग डग असा धक्का बसतो. नवीन सायकल घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत. (अशोक चौक)

उत्तर : नका घेऊ, वडील बरोबर आहेत. ती सायकल तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल, फक्त दोन जागा नीट करायच्या आहेत.

आधी डग डग. ती सायकल म्हणजे कॉटरवाला क्रँक, क्रँकमधून आरपार एक पिन जाते, तिची एक बाजू सपाट तासलेली असते आणि ती एक्सलच्या खाचेवर बसते. ही पिन झिजली की प्रत्येक फेऱ्याला पाय किंचित घसरतो आणि धक्का बसतो. लोक काय करतात, नट आवळतात. नटानं पिन ओढून घ्यायची नसते, आटे जातात, पिन हातोड्यानं बसवायची आणि नट फक्त ती निघू नये म्हणून. ठोकताना क्रँकच्या खाली जाड पाईपचा तुकडा असा उभा धरा की ठोका जमिनीत जाईल, नाहीतर तो ठोका थेट आतल्या छर्ऱ्यांवर बसतो, वाटीत खड्डे पडतात आणि मग घरघर सुरू. बसवून २०-३० किलोमीटर झाले की परत एकदा ठोकून नट आवळा, हे दुसरं ठोकणं कोणी करत नाही आणि मग पिन नकली होती म्हणतात.

पिन ९ आणि ९.५ मिलिमीटर अशा मापात येते म्हणून जुनी पिन सोबत घेऊन जा, डोळ्यानं फरक कळत नाही. आणि दोन्ही क्रँक आडवे धरले तर एका पिनचा नट वर आणि दुसऱ्याचा खाली दिसला पाहिजे. दोन्ही एकाच बाजूला असतील तर क्रँक एका रेषेत बसत नाहीत आणि वडिलांचे गुडघे उगाच दुखतात. क्रँक काढलाच आहे तर आतलं पण उघडा, पाव इंची छर्रे असतात, जाळी न घालता एका बाजूला ११ बसतात, एखादा जरी डागाळलेला दिसला तर सगळेच बदला, पैसे किरकोळ लागतात.

आता पायडल. यंत्रमागाच्या शेडमध्ये जे सुताचे तुकडे उडतात ना, ते चपलेला चिकटून येतात आणि पायडलच्या एक्सलला गुंडाळले जातात, खोटं वाटत असेल तर उद्या पायडल फिरवून क्रँकच्या फटीत बघा. ते सूत ग्रीस शोषून घेतं, धूळ धरून ठेवतं, आणि आतले बारीक छर्रे कोरडे पडून खातात. महिन्यातनं एकदा ब्लेडनं ते कापून काढलं तरी पायडलचं आयुष्य वाढेल.

घेताना रबर बघू नका, रबर दिसायला असतं. पायडल हातात धरून एक्सल फिरवा, खरखर लागली तर ठेवून द्या, आडवं हलवून बघा, खेळ असेल तर ठेवून द्या. बाहेरच्या टोकाला काढता येणारी टोपी आहे का बघा, टोपी असेल तर आत नट आणि कोन (छर्रे धरून ठेवणारा शंकूसारखा तुकडा) असतो, म्हणजे उघडता येतं, ग्रीस भरता येतं, छर्रे बदलता येतात. टोपी दाबून कायमची बंद केलेली असेल तर ते वापरा आणि फेका. या दोन प्रकारच्या पायडलच्या किमतीत थोडाच फरक असतो, तो उघडता येण्याचा आहे असं समजून द्या. उघडाल तेव्हा खाली ताट ठेवा आणि छर्रे मोजा, आमच्या घरातला एक छर्रा अजून फ्रीजखाली आहे.

प्रश्न : मी केगावला विद्यापीठात येतो, रोज ३० किलोमीटर होतात. लोखंडी टोच असलेले अ‍ॅलॉय पायडल घेऊ का नायलॉनचे? ऑनलाइन तर दोन्ही "हेवी ड्यूटी" लिहिलंय.

उत्तर : हेवी ड्यूटी काय रे, त्यांच्याकडं सगळंच हेवी ड्यूटी असतं. तू एक्सल बघ, क्रोमोली (चिवट पोलाद) लिहिलेलं पाहिजे, आणि बेअरिंग सील्ड, म्हणजे धूळ आत जाऊ नये असं बंद, असलं तर उत्तम. बॉडी नायलॉनची चालते, उलट मी तर नायलॉनच घे म्हणेन. दगडाला घासली तर अ‍ॅलॉयला धार येते, नायलॉनला नुसता ओरखडा. शिवाय मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत उभी केलेली सायकल, त्यात अ‍ॅलॉयचं पायडल चुकून पोटरीला लागलं की चटका आणि टोच दोन्ही मिळतात. टोच डोंगरात उड्या मारणाऱ्यांना पाहिजेत, तुला कॉलेजात चप्पल घालून जायचंय, चपलेचा तळवा महिनाभरात चाळणी होईल. प्लास्टिकची बुटकी टोच असलेले नायलॉनचे घे, झालं. त्यातपण सगळं प्लास्टिक आणि आत प्लास्टिकचीच वाटी असलेलं नको, नव्या सायकलसोबत बहुतेकदा तसलंच येतं आणि तेच पहिल्या वर्षात कुरकुरतं.

प्रश्न : क्रँकमधनं कुईकुई येते म्हणून मी गंज काढायचा स्प्रे मारते, आठवडाभर बरं राहतं. चालतं का? (जुळे सोलापूर)

उत्तर : नाही ताई. तो स्प्रे पातळ असतो, आतलं घट्ट ग्रीस धुऊन बाहेर काढतो आणि स्वतः उडून जातो, म्हणजे आठवड्याला तुम्ही बेअरिंग थोडं थोडं कोरडं करताय. स्प्रे चेनच्या आणि बोल्टच्या गंजापुरता ठेवा, तोही मारून पुसून घ्यायचा आणि चेनला नंतर तेल द्यायचं. पुष्कळदा कुईकुई कोरड्या चेनचीच असते, आधी तीच बघा. आणि गाड्या धुतात त्या प्रेशरच्या पाण्यानं सायकल धुऊ नका.

प्रश्न : मुलीच्या छोट्या सायकलला नवीन पायडल आणले, आत जातच नाहीत. दुकानदार म्हणाला पान्यानं दाबून फिरवा, बसतील.

उत्तर : फिरवू नका! लहान सायकलला दोन्ही क्रँक मिळून एकच वाकवलेली सळई असते, बीबीतून आरपार गेलेली. तसल्याला बहुतेक वेळा अर्ध्या इंचाचं पायडल लागतं आणि तुम्ही आणलंय ते ९/१६ चं, मोठ्या सायकलचं. दीड मिलिमीटर आणि वर थोडा फरक आहे, पण तो पान्यानं मिटणारा नाही. जुनं पायडल दाखवून बदलून आणा, आणि आणल्यावर एक्सलच्या टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं ते बघूनच लावा. डावं उजवीकडं जबरदस्तीनं घुसवलं तर क्रँकचे आटे जातात. त्याच दुकानदारानं हेही बसवून दिलं असतं म्हणा.