तोकाओरा, तयारी आणि पेयिस्को

प्रश्न असा आहे: फ्लामेंको (दक्षिण स्पेनमधली गाणं, नाच आणि गिटार यांची पारंपरिक कला) गिटारीवर वाजवणाऱ्या एका स्पॅनिश स्त्रीच्या मैफलीवर मराठीत लिहायचं आहे. तिला वादक म्हणावं, वादिका म्हणावं की मूळ स्पॅनिश शब्द ठेवावा? आणि ‘तिच्या वादनात वेग कमी, पण भावना जास्त’ हे वाक्य मराठीत चालेल का?

पहिला भाग सोपा आहे. स्पॅनिशमध्ये ‘तोकार’ म्हणजे स्पर्श करणं, आणि वाद्य वाजवणंही. त्यावरून वाजवणारा तो ‘तोकादोर’. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाच्या बोलीत दोन स्वरांमधला ‘द’ गळतो, म्हणून ‘तोकाओर’, आणि बाई असेल तर ‘तोकाओरा’. गाणाऱ्यांचे ‘कांताओर’, ‘कांताओरा’ आणि नाचणाऱ्यांचे ‘बायलाओर’, ‘बायलाओरा’ हे शब्दही असेच झाले. ‘गितारिस्ता’ कोणत्याही गिटारवाल्याला चालतो आणि त्यात स्त्री-पुरुष असा फरकही नाही. ‘तोकाओर’ मात्र फ्लामेंकोवाल्यालाच म्हणतात. म्हणून लेखात एकदा ‘तोकाओरा’ लिहून अर्थ द्या आणि पुढे खुशाल ‘गिटारवादक’ म्हणा. ‘वादिका’ चूक नाही, ‘सतारवादिका’ आपण वाचतोच. पण ‘वादक’ मला दोघांनाही पुरेसा वाटतो.

‘तोकाओरा’ एकदा तरी यावा असं मी म्हणते त्याला कारण आहे. कांताओरा आणि बायलाओरा हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, तोकाओरा त्या मानाने फारच कमी ऐकू येतो. आंतोनिया खिमेनेस आणि मार्ता रोब्लेस यांनी आपल्या दोघींच्या कार्यक्रमाला ‘दोस तोकाओरास’, म्हणजे दोन तोकाओरा, असंच नाव दिलं. शब्द कमी वापरला गेला याचा अर्थ बायका वाजवतच नव्हत्या असा मात्र नाही. सोलेआ हा फ्लामेंकोतला गंभीर प्रकार गाण्यासाठी नावाजलेली ‘ला सेर्नेता’ गिटार शिकवायची. रोन्दाची आनिया (1855–1933) स्वतःच्या गिटारीवर गायची. पुरुषी वेशात नाचणारी त्रिनिदाद उएर्तास, म्हणजे ‘ला क्वेन्का’, गिटारही वाजवायची. सेव्हिलच्या मातिल्दे क्वेर्व्हासने पुढे नवरा एमिलियो पुखोल याच्याबरोबर मैफली केल्या. पण फ्लामेंकोचा धंदा जसजसा रुळला, तसतशी वाटणी पक्की होत गेली: खुर्चीवर गिटार घेऊन पुरुष, समोर नाचायला बाई. रात्रीची कामं, दौरे आणि बापाकडून मुलाकडे किंवा काकाकडून पुतण्याकडे जाणारी विद्या यांत मुलींना शिरकाव मिळणं अवघड होतं.

खरा गुंता दुसऱ्या भागात आहे, कारण ‘वेग कमी’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी शिरतात. फ्लामेंकोवाल्यांनी त्या फार पूर्वीपासून वेगळ्या ठेवल्या आहेत. वादनाच्या ढंगांना त्यांच्याकडे रूढ विशेषणं आहेत. संथ, निवांत वादनाला ‘पास्तुएन्यो’ म्हणतात. हा शब्द बैलांच्या झुंजीतला: अंगावर सरळ, सलग येणारा बैल तो पास्तुएन्यो. ज्याची तांत्रिक बाजू तोकडी आहे त्याचं वादन ‘कोर्तो’, म्हणजे आखूड. आणि ज्यात जीव नाही ते ‘फ्रिओ’, थंड. म्हणजे संथ वाजवणं ही निवड झाली, वेगाने वाजवता न येणं ही उणीव झाली, आणि वादन थंड असणं हा तिसराच दोष, जो भरधाव वाजवणाऱ्यातही असू शकतो. तुमच्या वाक्यावरून वाचकाला यातलं काय ते कळत नाही.

मोरोन गावचा गिटारवादक दिएगो देल गास्तोर (1908–1973) थोडक्या स्वरांत वाजवायचा. त्याच्याबद्दल बोलताना वेगाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. तीच निवड बाईने केली की ‘वेग कमी, पण भावना जास्त’ असं लिहिलं जातं, आणि त्यातल्या ‘पण’मुळे भावना हे उत्तेजनार्थ बक्षीस होऊन बसतं. उलट ती जोरकस वाजवत असेल तर ‘पुरुषासारखी वाजवते’ ही शाबासकी तयार असते. दोन्हीकडे गृहीत एकच: वेग त्याचा, भावना तिची. मराठी वाक्यात हे गृहीत नकळत शिरू नये असं मला मनापासून वाटतं.

आता ‘भावना’ हा शब्द. मराठीत वादनाबद्दल ‘भावना’ किंवा ‘भावपूर्ण’ म्हटलं की हळवेपणा डोळ्यांपुढे येतो, मिटलेले डोळे आणि करुण सूर. फ्लामेंकोवाले जे दाद देण्याजोगं मानतात त्यातल्या एका गोष्टीचं नाव ‘पेयिस्को’, म्हणजे शब्दशः चिमटा. एखादी छोटीशी जागा अशी लागते की ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘ओले’ ही स्पॅनिश दाद निघून जाते. आपल्याकडे ‘काय जागा घेतली!’ म्हणतात, ते याच्या बरंच जवळ आहे. हा चिमटा संथ वादनातच बसतो असं नाही. बुलेरिया या वेगवान प्रकाराच्या धावत्या चालीतही तो बसतो. दुसरा शब्द ‘आइरे’, म्हणजे हवा: त्या त्या प्रकाराची खास चाल, खास डौल. ‘दुएन्दे’ मात्र जपून वापरा. मुळात तो घरात वावरणाऱ्या भुताला वापरायचा शब्द, ‘घरचा धनी’ या अर्थाच्या शब्दसमूहातून आलेला. 1933 साली बुएनोस आइरेसच्या व्याख्यानात स्पॅनिश कवी लोर्काने त्याला कलेच्या चर्चेत असं काही स्थान दिलं, की तेव्हापासून प्रत्येक बऱ्या मैफलीवर हा शब्द चिकटवला जातो. मराठीत त्याला ‘अंगात येणं’ म्हणता येईल. ते वाईट नाही, पण अंगात येणं रोजचं नसतं.

आणि वेग? फ्लामेंकोत वेग भावनेच्या विरुद्ध बाजूला उभा नसतो, दोघांनाही ‘कोम्पास’चा, म्हणजे तालाच्या ठरलेल्या आवर्तनाचा, आधार लागतो. सोलेआचं उदाहरण घ्या. बारा मात्रांचं आवर्तन, वजन 3, 6, 8, 10 आणि 12 वर. (आपला एकतालही 12 मात्रांचा, पण त्याची वजनं वेगळी पडतात, तेव्हा तो मनात ठेवून ऐकू नका.) गिटारीवरची स्वरांची ओळ बहुतेकदा दहाव्या मात्रेवर येऊन टेकते. मग अकरा-बारावर तारांवरून हलका हात फिरतो किंवा लाकडावर बोटाचा एक ठोका पडतो. दहावर टेकताना अंगठा कसा पडला, नंतरची जागा तिने मोकळी सोडली की भरून टाकली, यावरच पेयिस्को ठरतो. पिकादो म्हणजे एकेका स्वराची ओळ वाजवायचं तंत्र: त्यात तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने तार छेडतात, प्रत्येक बोट छेडून झाल्यावर शेजारच्या तारेवर टेकतं. पाको दे लुसियाचा (1947–2014) पिकादो भन्नाट वेगाचा होता, पण त्यातला प्रत्येक स्वर कोम्पासमध्ये बसलेला असायचा. गाणाऱ्याला साथ करताना तर कस आणखी लागतो. त्याने श्वास घेतला आणि तुमचे स्वर अजून धावतच आहेत, तर तो वेग दोषात जमा होतो, वाजवणारा कोणीही असो.

वेगासाठी आपल्याकडे ‘तयारी’ हा फार चांगला शब्द आहे. ‘हात तयार आहे’ यात वेग, सफाई आणि रियाज तिन्ही येतात. तयारी असून ती न दाखवणंही मराठीत सहज सांगता येतं.

तेव्हा मैफलीत तुम्ही जे ऐकलं त्याप्रमाणे लिहा. ती संथ वाजवत होती आणि ते जमून आलं असेल तर: ‘सोलेआ तिने ठाय लयीत मांडली. हात तयार आहे हे एक-दोन ठिकाणच्या पिकादोतून कळलं. दहाव्या मात्रेनंतरच्या मोकळ्या जागा मात्र तिने भरल्या नाहीत, आणि तिथेच सभागृहातून ‘ओले’ आलं.’ बोटं खरंच अडखळली असतील तर ‘बुलेरियाच्या पिकादोत बोटं मागे पडली’ असं सरळ लिहा. आणि दोन्ही वाक्यांत ‘ती’च्या जागी ‘तो’ घालून एकदा वाचून पाहा.